आसरेचा हिस्सा

आमच्या गावाखालून अडाण नदी जाते. जाते असं म्हणायचं, पण होळी सरली की तिची धार तुटते. मग पात्रात जागोजागी डबकी उरतात आणि वैशाखात तीही आटत जातात. एकच जागा कोरडी झालेली मी कधी पाहिली नाही. गावाच्या खालच्या अंगाला नदी काळ्या खडकाला धडकून वळते, तिथला डोह. काठावर करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या सात आसरा, पाण्यातल्या देवी. डोह त्यांचा आणि डोहातली मासोळी त्यांची. तिथे कोणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही, मोटारीचा पाइप सोडत नाही.

उन्हाळ्यात डबक्यांतले मासे धरायला मात्र बंदी नव्हती. लोक धरायचे, भाजायचे, रस्सा करायचे. फक्त धरण्याआधी पहिली घागर आसरेची. डबक्यातल्या जिवंत मासोळ्या पाण्यासकट घागरीत घ्यायच्या, वर कडुनिंबाचा टहाळा ठेवायचा म्हणजे हिंदकळून पाणी सांडत नाही, आणि डोहात नेऊन सोडायच्या. हे काम बायकांचं. याला आसरेचा हिस्सा म्हणायचे. पाऊस पडून नदी वाहायला लागली की डोहातले हेच मासे वर चढायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्या डबक्यांत मासोळी दिसायची. का नेतो, असं माझ्या आईला विचारलं तर ती म्हणायची, "नेतात म्हनून नेतो." प्राणिशास्त्र शिकल्यावर मला त्याचं कारण सापडलं, आणि त्या दिवशी मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटला होता.

नदी मला दाखवली ती भाऊने. तो माझा सख्खा भाऊ नाही. डोहाला लागून त्याचं शेत, त्याच्या वर आमचं. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. मला भाऊ नव्हता म्हणून आईने लहानपणी त्याच्या हातावर राखी बांधायला लावली आणि ते नातं लागलं. बाबांची न्याहारी घेऊन मी शेतात जायचे तेव्हा वाट त्याच्या बांधावरून जायची. तो मला थांबवायचा. "पोरी, इकडे ये. बोलू नको. पाह्य."

मग जे असेल ते. दरडीतली खंड्याची बिळं, आणि त्यातलं कोणतं चालू आहे ते कसं ओळखायचं: ज्याच्या तोंडाखाली पांढरी शीट ओघळलेली ते. रेतीवर कासव पोट घासत गेल्याची पन्हाळ. रोही, म्हणजे नीलगाय, रोज एकाच ठिकाणी लेंड्या टाकते, तो ढीग. घोरपडीच्या शेपटीची मधली रेघ आणि दोन्ही बाजूंना नखं. एकदा नांगरताना त्याला टिटवीची अंडी दिसली. ढेकळांमध्ये ढेकळांसारखीच. त्याने बैल थांबवले, त्या जागेभोवती तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, रोवल्या आणि तेवढा तुकडा सोडून बाकीचं शेत नांगरलं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. भाऊ तिच्याकडे पाहून म्हणाला, "सोडलं ना बाई, आता काहून शिव्या देऊन राह्यली?"

दहावीनंतर माझ्यासाठी स्थळ आलं होतं. बाबांचं मन अर्धं वळलं होतं. भाऊ संध्याकाळी घरी येऊन बाजेवर बसला आणि म्हणाला, "काकाजी, पोरीले पाखराचे पाय पाहून नाव सांगता येते. हिले तुमी चुलीपुढं बसवान का?" बाबा म्हणाले, आमच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. "मी बी नाही पाह्यलं," भाऊ म्हणाला, "तं हिच्यासंगं जाऊन पाह्यतो." खरंच तो मला मोटरसायकलवर बसवून कारंज्याला घेऊन गेला. कॉलेजच्या फाटकाशी त्याने पायातली चिखलाची चप्पल दगडावर झटकली, शर्ट खोचला आणि आत जाऊन खिडकीपाशी असलेल्या माणसाला विचारलं, "साहेब, इथं जनावरं शिकवतात तो वर्ग कोनता?" तिथले सगळे हसले. तोही हसला. मला मात्र त्या क्षणी वाटलं, या माणसासाठी मी काहीही करीन.

पदवी झाली. पुढे बी.एड. झालं. आज मी मानोऱ्याच्या शाळेत शिकवते, सासर तिथेच आहे आणि माहेर बसने अर्ध्या तासावर. आमच्या घराण्यात पगारी नोकरी करणारी मी पहिली. हे ज्या लोकांमुळे झालं त्यांत आईबाबांच्या बरोबरीने मी भाऊला धरत आले आहे. अजूनही धरते. म्हणूनच हे लिहायला जड जातं.

गेल्या काही वर्षांत हिस्सा नावापुरता उरला होता. बायका चैत्रात तांब्यात दोन-चार मासोळ्या आणून सोडायच्या, ओटी भरायच्या, झालं. इकडे डबक्यांना मोटारी लागायच्या. भुईमुगाला शेवटचं पाणी म्हणून डबकं तळापर्यंत ओढायचे आणि मासे चिखलात तडफडून मरायचे. कुणी खायलाही नेत नसे इतके. एका सुट्टीत मी अशा एका डबक्यात उभी होते. चिखलावर बोटाएवढ्या मरळी उलट्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर गायबगळे ताव मारत होते. पिल्लं होती ती. त्यांच्यातून पुढच्या वर्षीची नदी भरायची होती.

मी भाऊकडे गेले. म्हटलं, जुनी पद्धत पुन्हा नीट लावू. एक घागर नको. जिथे डबकं आटणार आहे तिथले सगळे मासे डोहात आणू. पाऊस येईपर्यंत कोणी खाणार नाही, एवढा एक उन्हाळा. पुढच्या वर्षी सगळ्यांना पुरून उरतील.

भाऊ बांधावर बिडी ओढत ऐकत होता. म्हणाला, "लोक आयकतीन?"

"तू संगं असला तं आयकतीन."

"मी कायले? तू सांग. तू मास्तरीन हायस. मी डोह राखतो. माह्या वावराले लागून हाय, रोज डोळ्यापुढं राह्यते. कोनाचं जाळं पानी पाह्यनार नाही, हे माह्यावर."

त्याच्या या शब्दावर मी निघाले.

गावातल्या बायकांना फार सांगावं लागलं नाही. बौद्ध वस्तीतल्या बायका आसरेला मानत नाहीत. त्यांच्यातली एक म्हणाली, "देवीबिवी तुमच्यापाशी ठेवा, मासोळी जगली पाह्यजे हे पटते." आणि सगळ्यांत आधी त्यांच्याच घागरी आल्या. अवघड होता तो वरचा बंजाऱ्यांचा तांडा. नदीचा सगळ्यांत मासाळ भाग त्यांच्या अंगणाखाली आहे. तांड्यातली अर्धी घरं ऊसतोडीवरून नुकतीच परत आली होती. हाताला काम नव्हतं आणि डबक्यातली मासोळी हेच त्या दिवसांतलं कालवण होतं, हे मला माहीत होतं.

तिथे एक वयस्कर बाई आहे. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. ती माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी आज काय केलं कालवन?"

मी म्हटलं, वरण.

"मंग बरं हाय. वरन खानाऱ्यानं मासे खाऊ नका म्हनाचं."

बाजूच्या पोरी हसल्या. मीही हसले, पण कान तापले. मी तिला मरळीच्या पिल्लांचं सांगितलं, नदीचं सांगितलं. एका मरळीपासून किती पिल्लं होतात ते सांगितलं. ती म्हणाली, "ते आमाले ठाऊक हाय. मी इचारतो ते सांगा. आमी आनून टाकलं आन खालच्या गावानं धरून खाल्लं, मंग?"

"कोणी धरणार नाही."

"कोन राखनार?"

"भाऊ राखणार आहे. डोहाजवळच्या शेतवाला."

"तो तुमचा कोन?"

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

तिने लसणाची सालं झटकली. "सख्खा?"

"सख्ख्यापेक्षा जास्त."

"ठीक हाय मंग," याडी म्हणाली. "तुमचा भाऊ म्हनता तं देतो."

तो उन्हाळा मी जन्मभर विसरणार नाही, म्हणजे त्यातला पहिला भाग. सकाळची शाळा असायची. दुपारची बस धरून मी गावात यायचे आणि उन्हं कलली की नदीत उतरायचे. बायका साडीचा काचा मारून डबक्यात उभ्या राहायच्या. दोघी लुगड्याचा पदर पाण्याखालून ओढत आणायच्या, बाकीच्या हातांनी ढवळून मासोळी त्यावर हाकलायच्या. वाम सटकायची, शिंगी काटा मारायची, कोणीतरी आई गं म्हणून ओरडायची आणि बाकीच्या तिची टर उडवायच्या. झिंगे तर चाळणीने गोळा केले. मोठ्या मरळी ओल्या गोणपाटात गुंडाळून न्याव्या लागत. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण काखेत धरलेली मरळ श्वास घेते तो आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. तांड्यावरून डोहापर्यंतची वाट नदीच्या पात्रातूनच, गोट्यांवरून, तापलेल्या. याडी स्वतः आली नाही, तिच्या दोन्ही सुना रोज आल्या.

डोह भरत गेला. हे दिसायचं. संध्याकाळी पाणी सारखं हलत असायचं, खालून काहीतरी उकळत असल्यासारखं. कवड्या खंड्या एका जागी फडफडत राहून सूर मारायचे आणि दर वेळी चोचीत काहीतरी घेऊनच वर यायचे. चित्रबलाक आले. आमच्या डोहावर मी ते पहिल्यांदाच पाहिले. गुलाबी पिसं आणि पिवळी लांब चोच, सबंध दिवस गुडघाभर पाण्यात उभे. कोणी हाकलायचं नाही असं ठरलं होतं, त्यांचाही हिस्सा आहे. भाऊ करंजाखाली घोंगडी टाकून बसलेला असायचा. गावातली दोन पोट्टी एकदा गळ घेऊन आली तर त्याने गळ मोडून त्यांच्या हातात दिला. मला म्हणाला, "पाह्यलं? वाघासारखा बसलो हाय." बायका डोहात घागर रिती करताना आसरेला हात जोडायच्या आणि जाताना भाऊलाही. तो लाजायचा. एकदा म्हणाला, "एवढी मासोळी एका जागी मी जन्मात पाह्यली नाही गड्या."

त्या बोलण्यात मला फक्त आनंद ऐकू आला.

वैशाख संपत आला होता. शाळेला सुट्टी लागली होती आणि दोन दिवस घरी पाहुणे असल्यामुळे मी गावाकडे गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने उतरले आणि घरी न जाता थेट नदीकडे गेले. भाऊच्या बांधावर एक पिकअप गाडी उलट्या तोंडाने उभी होती. मागे थर्माकोलच्या पेट्या, एका पोत्यात बर्फाचे तुकडे. डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं होतं आणि पाच-सहा अनोळखी माणसं ते गळ्याएवढ्या पाण्यातून आत आत ओढत आणत होती. मधल्या पाण्याला जागा उरली नव्हती. ते नुसतं चांदीसारखं उसळत होतं. चित्रबलाक वरच्या बाभळीवर जाऊन बसले होते.

भाऊ करंजाखाली होता. शेजारी एक बूट घातलेला माणूस, मासळीचा ठेकेदार. दोघांच्या हातात चहा.

मला पाहून भाऊ उठला नाही, पण सरकून घोंगडीवर जागा केली. "ये. बस. चहा घे."

"भाऊ, हे काय चालू हाय?"

"पाह्यतेस ना."

"जाळं कोनं टाकलं?"

"कोनं मंजे? आमीच ठरवलं. गावातले चार जन बसलो आन ठरवलं."

"हे आसरेचे मासे हायेत."

"मंग आसरेलेच जाऊन राह्यले ना," तो शांतपणे म्हणाला. "तिचा ओटा बांधाचा हाय. फरशी, वरून पत्र्याचं शेड. बाया उन्हात उभ्या राहून ओटी भरतात, तुलेच तं कसंतरी वाटत होतं. हे साहेब सगळं करून देऊन राह्यले. एक पैसा मी हातात घेतला नाही, गावात इचार."

ठेकेदाराने मान हलवली. "मॅडम, अशी जागा मी जिल्ह्यात पाहिली नाही. एका जाळ्यात एवढा माल."

माल हा शब्द मला कळायला थोडा वेळ लागला.

"तू राखतो म्हनला होता," मी भाऊला म्हटलं.

"राखलंच ना. आजवर एक मासोळी कोनाले काढू देली का? सांग."

"पाऊस येईपर्यंत म्हनलं होतं आपन."

"पाऊस येते का नाही कोनाले ठाऊक. पानी पाह्य किती उरलं. आन त्यात ही गर्दी. आटत आलं असतं तं सगळंच मेलं असतं, गावभर वास सुटला असता. तवा तूच रडली असती." तो माझ्याकडे पाहून हसला, लहानपणी चुकीचं नाव सांगितलं की हसायचा तसा. "मेल्यापरीस कामी आलं. चांगलंच झालं, पोरी."

"डोह कधी आटला हाय, भाऊ?"

याचं उत्तर त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू नाही म्हनली असती," तो म्हणाला. इतकं साधं उत्तर. त्यात लाज नव्हती, चोरून काही केल्याचा भाव नव्हता. मग त्याने पायाजवळचं ओलं गोणपाट पुढे सरकवलं. आत काहीतरी जड हललं. "हे मोठी मरळ हाय. पाव्हन्यासाठी काढून ठेवली. जाताना घेऊन जाय."

पाव्हणा म्हणजे माझा नवरा. जाळ्यात मासे पडत असताना भाऊने आठवणीने माझ्या घरचा वाटा बाजूला काढला होता. मी तो घेतला नाही. मला वाटलं होतं की मी ओरडेन, जाळ्यासमोर उभी राहीन, कोणाला तरी फोन करीन. मी काहीच केलं नाही. ज्या माणसाने मला कॉलेजच्या दारात नेलं त्याच्यावर कसं ओरडायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

घरी गेले तर बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाले, "जाऊ दे. देवाचंच काम हाय." मग दोरीकडेच बघत, "त्याच्यासंगं वाकडं घेऊन आपल्याले जमत नाही, बाई. वावराची वाट त्याच्या बांधावरून हाय." दुपारी भाऊने ते गोणपाट घरी पाठवलं आणि आईने मरळ शिजवली. टाकून द्यायची का, असं तिने मला आधी विचारलं होतं, तेव्हा मी परसात निघून गेले होते. सगळं घर त्या रश्श्याच्या वासाने भरलं. मी जेवले नाही. निघताना आई हळूच म्हणाली, "तुह्या वाटची ठेवली हाय डब्यात." तिच्या बाजूने ती माया होती. मी डबा घेतला आणि बसस्टँडवरच्या कुत्रीपुढे रिकामा केला.

तांड्यावर मात्र जावंच लागणार होतं. दोन दिवस टाळलं, मग गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. त्यांतलं एकही लागलं नाही, कारण सगळ्यांना कळलेलं होतं. पिकअप भरायला तांड्यातलेच दोघे मजुरीवर गेले होते.

याडी दारात बसली होती. घरात त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी बोलणं चाललं होतं, मला पाहून ते थांबलं. तिने सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायले.

"मॅडम," ती म्हणाली, "आमची लेकरं रोज इचारत होती, डबक्यात मासोळी दिसते, काहून नाही धराची? मी म्हनलं, मॅडमनं सांगतलं. शिकलेल्या हायेत, त्याइले ठाऊक असन."

मी म्हटलं, याडी, मला काही माहीत नव्हतं.

"ठाऊक नव्हतं?"

"नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन माणूस उलटसुलट करून बघतो तसं. "तो तं तुमचा भाऊ हाय ना," ती म्हणाली. "सख्ख्यापेक्षा जास्त."

तिचा विश्वास बसला की नाही हे मला आजही माहीत नाही. बसला नसेल तर मी तिला दोष देणार नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं की गोड बोलून नदीभरचे मासे एका जागी गोळा करून घेणारी बाई आणि करंजाखाली बसून ते विकणारा तिचा भाऊ, हे दोघं मिळूनच असणार. भाऊने माझ्याकडून मासे नेले, ते पुढेमागे पुन्हा आले असते. पण मी लोकांच्या दारात जाऊन त्याच्या नावावर शब्द दिला होता. तो शब्द त्याने न विचारता खर्च केला, आणि तो माझा होता हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

ओटा पावसाळ्याआधी झाला. फरशी चकचकीत आहे. निळे पत्रे आहेत. ओट्याच्या भंडाऱ्याला, म्हणजे गावजेवणाला, भाऊने मला बोलावणं धाडलं, चार शब्द बोल म्हणून. शाळेचं काम सांगून मी गेले नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, सावली झाली. खरंच झाली. राखीला मात्र गेले. नसते गेले तर गावभर कारण सांगत बसावं लागलं असतं, आणि बाबांची शेताची वाट होतीच. त्याने ओवाळणीत साडी दिली. मी गाठ मारताना तो म्हणाला, "राग गेला का?" मी म्हटलं, "गेला." राग खरंच गेला होता. त्याच्या जागी जे होतं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी कोणाच्या दारात गेले नाही. कोणी घागर नेली नाही. तांब्यातल्या दोन मासोळ्याही नाहीत. बायका नव्या फरशीवर उभं राहून ओटी भरून परतल्या. डोहाचं पाणी तसंच खोल आहे, पण संध्याकाळी ते हलत नाही. वर तांड्याखालच्या डबक्यांत लोकांनी जे मिळालं ते धरून खाल्लं, आणि ते बरोबरच केलं. मिळालं फार थोडं.

एका रविवारी मी एकटीच वर गेले. तांडाही मागे टाकून, जिथे एक नाला नदीला मिळतो तिथपर्यंत. तिथे खडक एकावर एक कलंडलेले आहेत, त्यांच्याखाली सावलीत ओल वाटली म्हणून साडी धरून आत उतरले. गुडघ्याएवढं पाणी होतं, गार. डोळे सावलीला सरावले तेव्हा दिसलं की पाण्यात मरळीच्या पिल्लांचं लाल पुंजकं फिरतंय आणि त्याच्याखाली आई, लाकडासारखी स्थिर. शिंगी होत्या. मागच्या भिंतीला झिंगे चिकटले होते. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्याला सांगावंसं वाटलं तो या जगात एकच माणूस होता. ते कळलं तेव्हा मला रडू आलं.

परत येताना बाभळीच्या वळणावर तोच भेटला. मोटरसायकलवर. "बस सुटन तुही. चाल, सोडून देतो." मग सहज, "कुठी गेली होती? वर काई दिसलं का?"

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं कोरडं पडलं हाय."

त्याच्या तोंडावर मी आजवर खोटं बोलले नव्हते. त्यामुळे असेल, आवाज साधा निघाला.

भाऊने मान डोलावली. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता आणि चपलेला काळा, ताजा गाळ लागलेला होता. मी उभीच राहिले. त्याने नजर वर केली, गाडीला किक मारली आणि म्हणाला, "बस."

मी मागे बसले. त्याने मला स्टँडवर सोडलं. बस लागलेली होती. खिडकीतून मी पाहिलं, त्याने गाडी वळवली होती, पण तो अजून निघाला नव्हता. एक पाय जमिनीवर टेकून नदीच्या वरच्या अंगाकडे बघत होता.